वेल्फ घराणं: १०५५ ला वंश बुडाला, मग पुढचे वेल्फ कोण?

पेठेतला_विद्यार्थी:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, शिवाजी विद्यापीठात हिस्ट्रीत एमए करतोय. मध्ययुगीन जर्मनी वाचताना वेल्फ घराण्यापाशी अडकलोय. तिसरा वेल्फ १०५५ मध्ये मूलबाळ नसताना वारला असं वाचलं, आणि तेच घराणं पुढं बव्हेरिया, सॅक्सनी करत थेट इंग्लंडच्या गादीवर दिसतंय, हे आले कुठनं? आणि हेन्री द लायन तर सम्राट बार्बारोसाचा सख्खा मामेभाऊ, तरी ११८० ला त्याचं सगळं काढून का घेतलं?

रंकाळाकाठ:
भावा, पुरुष वंश खरंच बुडाला, घराणं लेकीकडनं पुढं चाललं. तिसऱ्या वेल्फची बहीण कुनिगुंडे इटलीत एस्ते घराण्यातल्या आत्सोला दिलेली. वेल्फनं जाताना सगळी मालमत्ता आल्टडॉर्फच्या मठाला लिहून दिली (पुढं वाइनगार्टन म्हणून प्रसिद्ध झाला तोच मठ), पण त्याची आई इमिझा जिवंत होती आणि तिला हे अजिबात मान्य नव्हतं, तिनं इटलीतनं लेकीच्या मुलाला बोलावून घेतलं, त्यानं येऊन मृत्युपत्र बाजूला सारलं आणि जमीन ताब्यात घेतली. हाच चौथा वेल्फ, १०७० मध्ये बव्हेरियाचा ड्यूक झाला. बापाकडनं बघितलं तर त्यानंतरचे सगळे वेल्फ एस्ते आहेत. आपल्याकडं १७६० ला संभाजीराजे वारल्यावर पेशव्यांचा डोळा कोल्हापूरच्या राज्यावर असताना जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांतला मुलगा दत्तक घेऊन गादी राखली, मला इमिझा त्याच तोलाची बाई वाटते. वंशावळीच्या तक्त्यात तिला कोपऱ्यात टाकतात याचं वाईट वाटतं.

तालमीतला_वाचक:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. लायनचा बाप हेन्री द प्राउड बव्हेरियाचा ड्यूक, त्यानं सम्राट लोथारची एकुलती एक मुलगी केली आणि बव्हेरियाच्या जोडीला सॅक्सनी पण हातात आलं. ११३७ ला लोथार गेला, जावईच राजा होणार असं वाटत होतं, पण एवढा बलाढ्य राजा सरदारांना नको होता, म्हणून ११३८ ला होहेनस्टाउफेन घराण्यातला कॉनराड निवडला आणि त्यानं हेन्रीचे दोन्ही मुलूख काढून घेतले. मग ११५२ ला बार्बारोसा आला, त्याचा बाप होहेनस्टाउफेन आणि आई वेल्फ, दोन्ही घरं जोडायला यापेक्षा चांगला माणूस कोण? सॅक्सनी लायनला आधीच परत मिळालं होतं, बार्बारोसानं ११५६ मध्ये या मामेभावाला बव्हेरियाही परत दिलं, फक्त ऑस्ट्रिया तोडून वेगळी डची (ड्यूकचा मुलूख) केली.
पण लायन कुणाला जुमानायचा नाही. फ्रायसिंगच्या बिशपचा फ्योरिंगला इझार नदीवर पूल होता, मिठाच्या गाड्या तिथनं जायच्या आणि जकात बिशपला मिळायची. लायननं तो पूलच पाडला आणि बाजार स्वतःच्या म्युनिकला नेला. बिशप होता बार्बारोसाचा काका, बापाचा सावत्र भाऊ! तरी ११५८ ला सम्राटानं म्युनिकचा बाजार कायम ठेवला, बिशपला उत्पन्नाचा एक तृतीयांश देऊन मिटवलं. इतकं सांभाळून घेतलं, आणि ११७६ ला इटलीच्या मोहिमेला मदत मागितली तर लायननं दिली नाही, लेन्यानोला बार्बारोसा हरला. पुढं सॅक्सनीतले सरदार, बिशप तक्रारी घेऊन आले, दरबारानं बोलावलं तरी लायन गेला नाही आणि प्रकरण हाताबाहेर गेलं.

पेठेतला_विद्यार्थी:
लय भारी, धन्यवाद दोघांना. मग बार्बारोसानं सॅक्सनी स्वतःकडंच का ठेवलं नाही?

तालमीतला_वाचक:
कारण निकाल देणारे सरदारच होते, त्यांना वाटा पाहिजे होता. ११८० ला गेल्नहाउसेनच्या दरबारात सॅक्सनीचे तुकडे झाले, वेस्टफालिया कोलोनच्या आर्चबिशपला गेलं, पूर्वेचा भाग आनहाल्टच्या बर्नहार्डला, आणि बव्हेरिया त्याच वर्षी ऑटो फॉन विटेल्सबाखला, ते घराणं तिथं १९१८ पर्यंत टिकलं. लायन ११८२ ला सासऱ्याकडं, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडं, हद्दपार झाला. पण ब्राउनश्वाइग, ल्यूनेबुर्गची जमीन वाडवडिलार्जित होती, ती घराण्याकडंच राहिली.

रंकाळाकाठ:
आणि त्या जमिनीवरच पुढचं सगळं उभं राहिलं. १२३५ मध्ये लायनच्या नातवानं ती सम्राटाच्या स्वाधीन केली आणि ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्ग डची म्हणून परत घेतली. त्याच शाखेतला हॅनोव्हरचा जॉर्ज १७१४ ला इंग्लंडचा राजा झाला, तोसुद्धा आई सोफियाच्या हक्कानं. १८३७ ला व्हिक्टोरिया आली तेव्हा मात्र हॅनोव्हर काकाकडं गेलं, तिथं पुरुष वारस असताना बाईला गादी मिळत नव्हती.