ढाक्यातल्या हारीनंतर: आपल्याच खेळाडूंवर नाव घेऊन टीका करावी का?

ऑफसाइड दांडियाबाजार

18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात फुटबॉलमध्ये बांगलादेशनं भारताला 1-0 हरवलं. त्यांच्याकडून हरण्याची ही 2003 नंतरची पहिलीच वेळ. आशियाई करंडकाची पात्रता तर ऑक्टोबरमध्येच हातची गेली होती. गटात सिंगापूर, हाँगकाँग, बांगलादेश आणि आपण, पुढे जाणार एकच. ढाक्यापर्यंतच्या पाच सामन्यांत आपले दोन गुण आणि दोन गोल.

तेव्हापासून बडोद्यातल्या आपल्या फुटबॉलवाल्या मंडळींत दोन तट पडलेत. एक म्हणतो, पोरांना बोलू नका, फुटबॉलला आधीच कोण विचारतंय. दुसरा खेळाडूंच्या इन्स्टाग्रामवर जाऊन घरच्यांपर्यंत शिव्या घालतो. मला दोन्ही पटत नाहीत, पण पहिल्या तटानं खेळाचं जास्त नुकसान होतं. टीका व्हायलाच हवी आणि नाव घेऊन व्हायला हवी.

9 ऑक्टोबरचा सिंगापूरमधला सामना घ्या. आपण 0-1 नं मागे. उत्तरार्ध सुरू होऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच आपला बचावपटू संदेश झिंगन दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर. अंगावर एक कार्ड असताना सेंटर बॅकनं, म्हणजे बचावफळीच्या मधल्या खेळाडूनं, काय करायचं हे चौदा वर्षांच्या मुलालाही शिकवतात: हात लावायचा नाही, पाय घालायचा नाही, समोरच्याला बाहेरच्या बाजूला नेत राहायचं आणि मदत येईपर्यंत वेळ काढायचा. गोल गेला तरी चालेल, माणूस कमी होता कामा नये. त्या कार्डामुळे उरलेला सामना दहा जणांत आणि पाच दिवसांनी मडगावला सिंगापूरविरुद्धच, जिथे जिंकणं भागच होतं, तिथे झिंगनवर बंदी. रहीम अलीनं 90व्या मिनिटाला बरोबरी केली म्हणून त्या चुकीवर पांघरूण पडलं. मडगावला छांगतेनं सुरुवातीलाच गोल केला, पण सिंगापूरच्या साँग उई-यंगनं 44व्या आणि 58व्या मिनिटाला गोल करून सामना नेला.

2018 मध्ये मुंबईत जेमतेम अडीच हजार लोकांसमोर आपण चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, तेव्हा खुद्द सुनील छेत्रीनं व्हिडिओ करून सांगितलं होतं की टीका करा, ओरडा, हवं तर शिव्या द्या, पण मैदानात या. खेळाडूलाच चालत असेल तर आपण तोंड का मिटून बसायचं?

डावा बॅक

छेत्रीचं वाक्य अर्धंच धरलंत. त्याचा सगळा रोख मैदानात येण्यावर होता आणि पुढचा केनियाविरुद्धचा सामना हाऊसफुल झालाही. तिकीट काढून नव्वद मिनिटं बसणाऱ्याला त्यानं हक्क दिला होता. मोबाइलवर फक्त गोलाची क्लिप बघणाऱ्याला नव्हे.

दुसरं, नाव घेतलं की खापर कायम शेवटच्या माणसावर फुटतं. जूनमध्ये हाँगकाँगविरुद्ध पूर्वार्धात आशिक कुरुनियननं समोर गोल दिसत असताना चेंडू बाहेर मारला. महिनाभर सगळे त्याच्याच मागे. पण तिथे आशिक का होता? तो मुळात विंगर, कडेनं खेळणारा. आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात चालतात आणि क्लब पैसे कुठे लावतात? नंबर नऊ, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, आणि त्याच्या मागची जागा. भारतीय फॉरवर्ड वर्षभर साइडलाइन धरून पळतो. गोलासमोर सहा मीटरवर, शरीर अर्धं वळलेलं असताना, पहिल्याच स्पर्शात चेंडू ठेवायची सवय त्याला लागणार कुठे? ती सराव-सत्रात लागत नाही, सामन्यातच लागते. मार्चमध्ये चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं यातच सगळं आलं. टीका करायचीच तर त्या नियमावर आणि क्लबांच्या खरेदीवर करा.

ऑफसाइड दांडियाबाजार

2023 मध्येही हाच चार परदेशींचा नियम होता. त्या वर्षी आपण तीन देशांची स्पर्धा, इंटरकॉन्टिनेंटल करंडक आणि दक्षिण आशियाई देशांची सॅफ, तिन्ही जिंकलो. जुलैमध्ये फिफा क्रमवारीत 99वे होतो, 2025 च्या नोव्हेंबरात 142वे. नियम तोच, खेळाडूही बरेचसे तेच. मग मधल्या घसरणीत त्यांचा वाटा शून्य कसा?

डावा बॅक

तिन्ही स्पर्धा घरच्या मैदानांवर होत्या: इंफाळ, भुवनेश्वर, बंगळूर. त्यानंतर 2024 च्या जानेवारीत कतारला आशियाई करंडकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्ध एकही गोल झाला नाही आणि ते अख्खं वर्ष आपण एकही सामना जिंकलो नाही. 99 हा आकडाच फुगलेला होता, त्याच्यावरून खेळाडूंना मोजू नका.

आणि 2025 मध्ये तर एप्रिलनंतर लीगच नव्हती. आयएसएलची फायनल 12 एप्रिलला झाली. पुढचा हंगाम जुलैत लांबणीवर टाकला तो ढाक्याच्या सामन्यापर्यंत सुरू झाला नव्हता. डुरंड आणि सुपर कप या छोट्या स्पर्धा, एवढ्यावर देशाचा संघ उभा करायचा! दर आठवड्याला सामना नसेल तर फुफ्फुसांच्या आधी अंदाज जातो. चेंडूवर पोहोचायला अर्धा सेकंद उशीर, त्यातून फाउल, त्यातून कार्ड.

फत्तेगंज प्रेस

लीग नसल्याचा मुद्दा मान्य, पण तो सगळ्या गोलांना लावता येत नाही. दमल्यामुळे गोल खाल्ले असते तर ते सत्तराव्या मिनिटानंतर गेले असते. मडगावचे दोन 44 आणि 58ला, ढाक्याचा मोरसालिनचा गोल तर पहिल्या पाव तासात. ही दमछाक नव्हे, ही रचना आणि लक्ष यांची चूक आहे.

प्रशिक्षक खालिद जमीलच्या संघाचा पाया खोलवर, दाटीनं बचाव करण्यात आहे. दोन फळ्यांतलं अंतर दहा-बारा मीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही, मधली वाट बंद ठेवायची, चेंडू कडेला ढकलायचा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स करंडकात ताजिकिस्तानला हरवून आणि ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरे आलो ते याच जोरावर. पण ही पद्धत एका गोष्टीवर टिकते: चेंडू आपल्याकडून गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत सगळे मागे वळले पाहिजेत. एक मिडफिल्डर पंचाकडे हात वर करून उभा राहिला की त्याच्या मागे पंधरा मीटरचं भोक पडतं. ते प्रशिक्षक बुजवू शकत नाही, आणि महासंघ तर नाहीच नाही.

म्हणून मी ऑफसाइडभाऊंच्या बाजूचा. पण "लाज वाटू द्या" ही टीका नव्हे. "तू पळत मागे आला नाहीस" ही टीका.

ग्लव्हज नंबर एक

गोलकीपरांबद्दल बोलतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात अडाणी टीका त्यांच्यावर होते.

नोव्हेंबर 2024, हैदराबाद, मलेशियाविरुद्ध. 19व्या मिनिटाला लांब चेंडू आला, आपला कीपर गुरप्रीत बॉक्सच्या बाहेर धावत आला, चेंडू हुकला आणि पाउलो जोसुएनं रिकाम्या गोलात टाकला. राहुल भेकेनं नंतर बरोबरी केली, तरी रात्रभर गुरप्रीतला घरी बसवा म्हणून ओरड.

चूक होती, मोठी होती. पण कुठली? बचावफळी वर उभी असली की तिच्या मागे तीस-पस्तीस मीटर मोकळे असतात आणि ते राखायचं काम कीपरचंच. बाहेर येणं चूक नव्हतं. चेंडू उसळत असताना, फॉरवर्डच्या आधी नक्की पोहोचू याची खात्री नसताना शेवटपर्यंत जाणं चूक होतं. अशा वेळी बॉक्सच्या रेषेवर थांबायचं, अंग रुंद करायचं आणि फॉरवर्डला दुसरा स्पर्श घ्यायला लावायचा. तेवढ्या दोन सेकंदांत सेंटर बॅक गोलरेषेकडे पोहोचतो. आता क्लिप पुन्हा बघा आणि गुरप्रीतऐवजी बचावपटूंकडे बघा. कीपर बाहेर आला की मागे गोल झाकायला कोण धावलं? त्याचं नाव कुणी घेतलं?

विशाल कैथचंही तसंच. हाँगकाँगविरुद्ध भरपाईच्या वेळेत तो चेंडू मुठीनं ठोसायला बाहेर आला, ठोसा चेंडूऐवजी माणसाला लागला, त्यांना पेनल्टी मिळाली आणि परेरानं ती घातली. 0-0 असताना, शेवटच्या मिनिटांत, बाहेरच्या मैदानावर कीपरनं गर्दीत जाण्याआधी दोनदा विचार करायला हवा, हे मी त्याच्या तोंडावर सांगेन. पण त्याला विकला गेलेला म्हणणाऱ्याशी माझं काही बोलणं नाही.

हेतूवर शंका घेणाऱ्यांनी लिव्हरपूलचा कीपर कारियस आठवावा. मे 2018, कीव, चॅम्पियन्स लीगची फायनल. त्यानं हातानं फेकलेल्या चेंडूपुढे बेन्झेमानं पाय घातला आणि गोल. नंतर बेलचा लांबचा फटका त्याच्या हातातून निसटला. जगानं त्याला पार चिरडलं. आठवडाभरानं बॉस्टनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सामन्यातच त्याच्या मेंदूला मार बसला होता आणि नजरेच्या अंदाजावर त्याचा परिणाम झालेला असू शकतो. पहिल्या गोलाच्या थोडंच आधी रामोसचं कोपर त्याला लागलं होतं. टीव्हीवर आपल्याला चूक दिसते, कारण दिसेलच असं नाही.

सूरसागर

बडोद्यात बसून हा वाद घालताना हार्दिक पंड्याला विसरून कसं चालेल? 2024 च्या आयपीएलमध्ये मुंबईच्याच प्रेक्षकांनी वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली, तीही नाणेफेकीपासून. त्याच वर्षी 29 जूनला बार्बाडोसमध्ये शेवटच्या षटकात सोळा धावा राखायला चेंडू त्याच्याच हातात दिला आणि विश्वचषक आला. जुलैत आपल्याच रस्त्यांवर उघड्या बसमधून त्याची मिरवणूक निघाली, अख्खं शहर लोटलं. हुर्योमुळे तो सुधारला असं कुणी म्हणू नये. हुर्यो असूनही तो टिकला. वीस-बावीस वर्षांचा, नुकताच संघात आलेला फुटबॉलपटू तसा टिकेलच याची हमी कोण देणार?

ऑफसाइड दांडियाबाजार

सूरसागरताई, दाखला मनाला भिडतो, पण इथे बसत नाही. हार्दिकवरचा राग खराब खेळाचा नव्हता, रोहितकडून कप्तानी काढून त्याला दिली त्याचा होता. निर्णय मालकांचा, आणि हुर्यो खेळाडूची. ते चूकच. मी बोलतोय मैदानावर त्यानं स्वतः घेतलेल्या निर्णयाबद्दल.

सूरसागर

गर्दी एवढा फरक करत नाही, हेच तर म्हणतेय. तुम्ही झिंगनच्या कार्डावर लिहाल, तुमच्याखाली दुसरा त्याच्या वयावर लिहील, तिसरा त्याच्या केसांवर. 1994 च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला. मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच मेडेयीनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. तेवढं टोक इथे गाठलं जाणार नाही, पण वेम्बलीवर 2021 च्या युरो फायनलमध्ये पेनल्टी हुकवलेल्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या वाट्याला एका रात्रीत जे आलं ते खेळाबद्दल नव्हतंच, कातडीबद्दल होतं. नाव हवेत सोडलं की ते कुठे जाऊन पडेल हे आपल्या हातात राहत नाही.

रावपुरा सेंटर हाफ

मग करायचं काय, यावर कुणीच येत नाहीये. जर्मनीतला डॉर्टमुंड क्लब बघा. फेब्रुवारी 2015, घरच्या मैदानावर दहा जणांच्या ऑग्सबुर्गकडून 0-1 हार, संघ बुंडेसलीगात तळाला. दक्षिणेकडच्या उभ्या स्टँडमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास माणसं मावतात. शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ. कप्तान हुमेल्स आणि कीपर वायडनफेलर कुंपणावर चढून त्या लोकांशी बोलले. हंगाम संपताना संघ सातवा होता. राग खेळाडूंपर्यंत पोहोचला, समोरासमोर पोहोचला आणि त्याला उत्तरही मिळालं.

आपल्याकडे मंजप्पडा या चाहत्यांच्या संघटनेनं डिसेंबर 2024 मध्ये केरळ ब्लास्टर्सच्या व्यवस्थापनाविरुद्ध तिकीटविक्रीतून अंग काढून घेतलं. रोख वर होता, खेळाडूंवर नाही. हेही जमतं.

आणि ज्यांना खेळाडूवरच लिहायचंय त्यांनी निदान एवढं करावं. शिट्टी वाजल्यावर लगेच लिहू नका, दुसऱ्या दिवशी लिहा. गोलाची क्लिप पंधरा सेकंद आधीपासून लावा आणि चेंडू कुणी, कुठे गमावला तिथून सुरुवात करा. तीनदा बघा: एकदा चेंडू, एकदा चेंडूपासून लांबचा सेंटर बॅक, एकदा मिडफिल्ड. बहुतेक गोलांत शेवटच्या माणसाआधी दोघं चुकलेले सापडतात. संधी हुकली तर ती किती सोपी होती तेही मांडा. पेनल्टीसुद्धा शंभरातल्या साधारण पंचाहत्तर-ऐंशीच आत जातात, मग कोनातून, डाव्या पायानं, मागे बचावपटू लागलेला असताना हुकलेल्या फटक्याला "आंधळाही मारेल" म्हणणं खोटं आहे. मिनिट लिहा, जागा लिहा, त्या जागी दुसरं काय करता आलं असतं ते लिहा. हे तिसरं लिहिता येत नसेल तर आपल्याला चूक कळलेली नाही. आणि खेळाडूला टॅग करू नका. निवड समितीला, महासंघाला खुशाल करा.

डावा बॅक

हे मान्य. फक्त एक भर: मुलांच्या सामन्यांत हेसुद्धा नको. साइडलाइनवरचे पालक बारा वर्षांच्या कीपरवर ओरडतात आणि पुढच्या सामन्यात तो रेषा सोडतच नाही. मग हाच मुलगा वीस वर्षांचा झाला की आपण विचारणार, हा क्रॉसला, कडेनं आत टाकलेल्या चेंडूला, बाहेर का येत नाही.

ऑफसाइड दांडियाबाजार

मुलांचं शंभर टक्के बरोबर. टॅगचंही पटलं. पण मिनिट आणि जागेसोबत नावही लिहायचं यावर मी ठाम आहे. "बचावफळी ढिली पडली" असं लिहिलं की चौघांपैकी एकालाही ते आपल्याबद्दल वाटत नाही.

ग्लव्हज नंबर एक

मग ढाक्याच्या गोलापासूनच सुरू करा. बांगलादेशच्या राकिबच्या धावेपासून क्लिप लावा. त्याच्याबरोबर कोण पळत होता, कितव्या पावलाला मागे पडला, मधल्या सेंटर बॅकनं मोरसालिनकडे मान वळवून पाहिलं की नाही आणि गुरप्रीत तेव्हा जवळच्या खांबापासून किती लांब होता, या चारही गोष्टी लिहा. तीन नावं तरी येतील. तिन्ही लिहिणार असाल तर मी तुमच्या बाजूनं.