मुलाखतीच्या ताणामुळे सीआरपी वाढते का?

जिज्ञासू: नोकरीच्या मुलाखतीहून निघून थेट रक्त तपासायला गेलो, तेव्हा सीआरपी (शरीरात दाह असल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) किंचित वाढलेले आढळले. ताप नाही, जखम नाही. तासाभराच्या मानसिक ताणाने रक्तातील दाहाचे घटक वाढू शकतात का?

सूक्ष्मदर्शी: वाढतात, परंतु सगळे नाही आणि लगेचही नाही. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात विकसित झालेली ताणचाचणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटे भाषण करावे लागते आणि नंतर पाच मिनिटे तोंडी वजाबाक्या कराव्या लागतात (म्हणजे आपली मुलाखतच!). अशा ताणात स्रवणाऱ्या संप्रेरकाच्या, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या प्रभावाने पांढऱ्या पेशींतील एनएफ-कप्पा-बी हा जनुकांना चालना देणारा घटक सक्रिय होतो. इंटरल्युकिन-६ (दाहाचा संदेश पोहोचवणारे प्रथिन) मात्र सावकाश चढते आणि साधारण दीड-दोन तासांनी त्याची वाढ सर्वांत स्पष्ट दिसते. सीआरपी यकृतात तयार होते, तेही मुख्यतः इंटरल्युकिन-६च्या इशाऱ्यावरून. तीव्र दाहातही ते रक्तात वाढलेले दिसायला सहा-आठ तास लागतात. त्यामुळे तुमच्या अहवालाचा दोष त्या मुलाखतीला देता येणार नाही.

जिज्ञासू: पण जखमच नसताना शरीर हा खटाटोप का करते?

सूक्ष्मदर्शी: संकट आले की इजा होण्याचा संभव असतो, म्हणून प्रतिकारयंत्रणा आधीच सज्ज होत असावी, असे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. त्याच वेळी वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक या दाहाला लगाम घालते; ताण महिनोन्‌महिने टिकला, तर पेशी त्या लगामाला पूर्वीसारखी दाद देत नाहीत, आणि खरी काळजी तिथे आहे.

पडताळा: एक पुरवणी. अशा प्रयोगांत वारंवार रक्त घेण्यासाठी शिरेत नळी ठेवतात आणि तिच्या जागीच इंटरल्युकिन-६ तयार होऊ शकते. शिवाय ताणामुळे रक्तातील द्रवभाग काहीसा घटून प्रत्येक घटकाचे प्रमाण वाढल्यासारखे दिसते. म्हणून ताण न दिलेल्या गटाशी तुलना नसलेल्या निष्कर्षांवर मी फारसा विसंबत नाही.

जिज्ञासू, तुमच्या बाबतीत हिरड्यांचा विकार, धूम्रपान, वाढलेले वजन किंवा नुकतीच झालेली सर्दी यांचा विचार आधी व्हावा. हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी ही तपासणी केली असेल, तर दोन आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा करून दोन्हींची सरासरी धरतात. आकडा लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर डॉक्टर प्रथम संसर्ग शोधतात.