कॅसल जोडीमागचा जिम युरोप
व्हर्नन आणि आयरीन कॅसल या नाचणाऱ्या अमेरिकेतल्या गाजलेल्या जोडप्याला एलिझाबेथ मारबरी या एजंटबाईंनी आणि न्यूयॉर्कच्या पैसेवाल्या बायकांनी मोठं केलं, असं म्हटलं जातं. अर्धं पटतं. मारबरीबाई धंद्यात पक्क्या होत्या, वाद नाही. पण नाचणाऱ्यांच्या मागे वाजवत कोण होतं, हे कोणीच विचारत नाही. तो वाद्यवृंद चालवणारा जेम्स रीस ऊर्फ जिम युरोप. १९१२ साली कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय वादकांचा भलामोठा ताफा उभा करणारा हाच माणूस. कॅसल दांपत्याने त्याच्याच वाद्यवृंदाचा आग्रह धरला आणि १९१४ च्या दौऱ्यावरही त्याला सोबत नेलं.

फॉक्सट्रॉट या जोडीने करायच्या नाचाची गोष्ट तर त्याच्याशिवाय सांगताच येत नाही. तेव्हा सगळीकडे धावतपळत नाचायच्या वन-स्टेप या नाचाची चलती होती. मधल्या विश्रांतीत युरोप पियानोवर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीचं ‘मेम्फिस ब्लूज’ संथ लयीत वाजवत बसायचा आणि या लयीवर एखादा नाच बसवा म्हणून या दोघांच्या मागे लागायचा. व्हर्ननला आधी ते पटेना. पुढे नाच गाजल्यावर मात्र दोघांनी श्रेय युरोपलाच दिलं, हा त्यांचा मोठेपणा. (नाहीतर श्रेय लाटणाऱ्यांची वाण कधी होती?)

उलट कॅसल जोडीवरच्या १९३९ च्या हॉलिवूडपटात बघा. त्यांचा कृष्णवर्णीय नोकर वॉल्टर चक्क गोऱ्या नटाने, वॉल्टर ब्रेननने, केलाय. आयरीन त्या चित्रपटाची सल्लागार होती, ती यावरून स्टुडिओशी भांडली, पण ऐकतो कोण!