घोडे गेले ते योग्यच, पण नाव का बदलले?

धागालेखक:
'क्वीन्स ओन यॉर्कशायर ड्रगून्स' (ड्रगून्स म्हणजे घोडेस्वार सैनिक) ही १७९४ मध्ये उभी राहिलेली ब्रिटनची अर्धवेळ घोडदळ रेजिमेंट. माणसे आपापला उद्योग सांभाळून कवायतीला आणि वार्षिक छावणीला येत. १९४० मध्ये ती घोड्यांसह पॅलेस्टाइनला गेली, १९४२ मध्ये घोडे सोडून मोटार बटालियन (ट्रकमधून जाऊन लढणारी तुकडी) झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'किंग्ज ओन यॉर्कशायर लाइट इन्फन्ट्री' या पायदळ रेजिमेंटची नववी बटालियन ठरली. घोडे गेले याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या नावाने ही माणसे १९४२ मध्ये इजिप्तमधील अल अलामेनला लढली, ते नाव लढाई संपून काही आठवडे होतात न होतात तोच मागे सारले गेले, हा मला उघड अन्याय वाटतो.

प्रतिसाद १:
असहमत. घोडेस्वार पायउतार होऊन लढू लागले की चौघांपैकी एक जण चार घोड्यांचे लगाम धरून मागे थांबे, म्हणजे प्रत्यक्ष गोळीबाराला तिघेच उरत. ट्रकमधून उतरलेल्या तुकडीत मात्र चालक सोडून सगळे बंदूक घेऊन पुढे जातात. रणगाड्यांबरोबर जाऊन जिंकलेली जमीन धरून ठेवणे हे काम पायदळाचेच आहे. मग नावही पायदळाचे असण्यात गैर काय? शिवाय नव्या नावापुढे कंसात 'यॉर्कशायर ड्रगून्स' हे शब्द राहिलेच होते.

धागालेखक:
कामाचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो, पण त्यावरून नावाचा निर्णय होत नाही. एप्रिल १९४१ मध्ये लिबियातील मेकिली येथे तिसऱ्या भारतीय मोटार ब्रिगेडमध्ये लढलेल्या सेकंड लान्सर्स (लान्सर्स म्हणजे भालाईत घोडेस्वार) या रेजिमेंटलाही घोड्यांऐवजी ट्रकच मिळाले होते, तरी त्या रेजिमेंटचे नाव लान्सर्सच राहिले.

प्रतिसाद २:
ही तुलना मला पटत नाही, कारण लान्सर्स नियमित सैन्यातले होते. अर्धवेळ पथकाला मागे मोठ्या पायदळ रेजिमेंटचा आधार मिळणे, तोही आपल्याच यॉर्कशायरमधला, ही माझ्या मते सोयच होती. १९४४ मध्ये इटलीतील ॲन्झिओला ही बटालियन लढली ती पायदळ म्हणूनच.

प्रतिसाद ३:
मला धागालेखकांचे म्हणणे पटते, आणि ते अर्धवेळ सैनिकांमुळेच. नियमित सैनिकाला पगार आणि बढती असते. गावच्या नावासाठी सुट्टी खर्ची घालणाऱ्याचे सारे नाते त्या नावाशीच असते. १९४७ मध्ये टेरिटोरियल आर्मी (ब्रिटनचे अर्धवेळ सैन्य) पुन्हा उभी राहिली तेव्हा हे पथक चिलखती (रणगाड्यांच्या) दलात यॉर्कशायर ड्रगून्स म्हणूनच परतले, आणि १९५६ च्या विलीनीकरणापर्यंत त्याच नावाने राहिले.