मराठी ख्रिस्ती पुस्तकं: धर्म बाजूला ठेवून वाचता येतात का?

शब्दयात्री:
सध्या मराठी ख्रिस्ती लेखकांची पुस्तकं ओळीने वाचतोय. गोव्यातल्या फादर स्टीफन्स यांचं बायबलची कथा ओव्यांत सांगणारं ‘ख्रिस्तपुराण’, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’, फादर दिब्रिटोंनी मराठीत आणलेलं ‘सुबोध बायबल’. माझं मत सरळ मांडतो. आपण वाचक या पुस्तकांतला धर्म गाळतो आणि उरेल तेवढंच उचलतो. असं वाचलेलं पुस्तक वाचलं असं मी मानत नाही.

‘स्मृतिचित्रे’च घ्या. लक्ष्मीबाईंचे पती कवी ना. वा. टिळक यांचा विसराळूपणा, घरातल्या गमती, बाईंचा मिस्किल स्वभाव, यावर सगळे खूश. पण पुस्तक सुरू कुठून होतं? १८५७ च्या धामधुमीत बाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. मीठसुद्धा धुऊन घेणारं ते घर! त्या घरातली मुलगी, नवरा १८९५ साली बाप्तिस्मा घेतो तेव्हा कोलमडते, वर्षानुवर्षं त्याच्यापासून वेगळी राहते. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळं सोडत नाही. मग एक दिवस स्वतःच विचार करून जातिभेद मनातून काढून टाकते, तोही बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा होतो १९०० साली. धुतलेल्या मिठापासून बाई इथवर कशा आल्या, हाच त्या पुस्तकाचा कणा आहे. तो काढलात तर हातात नुसते किस्से राहतात.

कृष्णाकाठ:
मला हे अजिबात पटलेलं नाही. आमचं घर वारकऱ्यांचं. ज्ञानेश्वरी नास्तिकही वाचतात, त्यावर उत्तम लिहितात, आणि ‘तुम्ही ती वाचलीच नाही’ असं त्यांना माझे वडीलही म्हणत नाहीत. मग इथेच श्रद्धेची अट कशाला?

‘यमुनापर्यटन’ बघा. साल १८५७, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाला त्याच्या पुढचंच वर्ष. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि विधवांच्या हकीकती ऐकते. पंढरपूरच्या भागात केशवपनाचं जे येतं, ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. इतकं ताकदीचं लिहिणारा माणूस मध्येच गोष्ट थांबवतो आणि पात्रांच्या तोंडी प्रवचन घालतो. यमुनेचा नवरा विनायक अपघातात जायबंदी होतो आणि मरण्याआधी त्याचा बाप्तिस्मा उरकला जातो. गोष्टीला त्याची गरज नव्हती, लेखकाला होती. मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान तिला जरूर द्यावा. पण मान दिला म्हणून प्रचारही गोड मानून घ्यायचा, हे मला जमणार नाही.

वसईची लेक:
कृष्णाकाठ, पदमनजींनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला १८५४ साली. कादंबरी आली तीन वर्षांनी. तेव्हा हिंदू घरातल्या मुलाने ख्रिस्ती व्हायचं म्हणजे आईबाप, जातगोत सगळ्याला मुकायचं. विनायकाच्या तोंडी त्यांनी जे घातलं, त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. ते पान तुम्ही उलटलंत, म्हणजे लेखकालाच उलटून पुढे गेलात.

आणि ‘प्रचार’ या शब्दाचा मला आता खरंच वीट आलाय. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा ‘पाद्री कशाला?’ म्हणून ओरड झाली. ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘सुबोध बायबल’ उघडलं असेल? त्यातली स्तोत्रं मोठ्याने वाचून बघा. आमची आजी गेली त्या आठवड्यात मी ८८वं स्तोत्र वाचत होते. माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतोय, देव तोंड लपवून बसलाय, आणि स्तोत्र संपतं ते अंधारातच. दिलासा शेवटपर्यंत येत नाही. धर्मग्रंथात इतकं उघडं दुःख ठेवायला धीर लागतो. यात कोणाचा प्रचार आहे?

फोंडेकर:
गाळण्याबद्दल बोलताय म्हणून लिहितो. १५६७ साली गोव्यातल्या सासष्टीतली देवळं पोर्तुगिजांनी पाडली. आमची शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, नदीपलीकडे पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, तो काळ हाच. ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं १६१६ साली, त्याच सासष्टीतल्या राचोलला. त्यात एक नवख्रिस्ती माणूस पाद्रीला विनवतो, की जुनी पुराणं आता राहिली नाहीत, तर आम्हाला तसंच काहीतरी वाचायला द्या. त्यातलीच मराठीच्या स्तुतीची एक ओवी भाषणांत सगळे म्हणतात, या विनवणीबद्दल कोणी बोलत नाही. ती मागणी का करावी लागली? पुस्तकातला धर्म वाचायचा म्हणताय ना, मग पुस्तक ज्या मातीत उभं राहिलं तिथे काय पाडलं होतं, तेही वाचा. ओव्या सुरेख आहेत, मला आवडतात. पण त्या वाचताना कवळ्याचं देऊळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

शब्दयात्री:
फोंडेकर, ते वाचायलाच हवं, दुमत नाही. त्याच्या पुढचंही त्यात धरा. १६८४ साली त्याच सत्तेने गोव्यातल्या लोकांच्या भाषेवर बंदी घातली. १६१६ च्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. ज्या ख्रिस्ती लोकांसाठी हे पुराण रचलं, त्यांच्यातलेच कितीतरी गोवा सोडून मंगळूरकडे गेले, आणि तिथे जपलेल्या हस्तलिखितांवरून १९०७ साली ते पुन्हा छापलं गेलं. म्हणजे हे पुस्तक ज्या राज्याच्या आसऱ्याने जन्मलं, त्याच राज्यातून निसटून वाचलं. ते निव्वळ राज्यकर्त्यांचं हत्यार असतं, तर घरदार सोडून निघालेल्या माणसांनी ते उराशी धरलं नसतं.

कृष्णाकाठ, मी श्रद्धेची अट घातलेली नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही. लेखकाला जे सर्वांत महत्त्वाचं वाटलं तिथे थांबा, एवढंच माझं म्हणणं.

फोंडेकर:
उराशी धरलं हे मान्य. देव डोक्यावर घेऊन रातोरात नदी ओलांडणारेही घरदार सोडूनच निघाले होते. दोघांची गोष्ट एका पानावर येईल असं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही.

कृष्णाकाठ:
वसईची लेक, पदमनजींनी सोसलं याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण सोसलेलं खरं आहे म्हणून गोष्टीतला प्रसंग आपोआप खरा होत नाही. लक्ष्मीबाईंनी काय कमी सोसलं? त्या मला पटवायला बसत नाहीत. त्या स्वतः अडखळतात, रागावतात, हट्ट धरतात, आणि मी त्यांच्या मागे मागे जातो, बाप्तिस्म्यापर्यंतसुद्धा. पदमनजी मला कुठे न्यायचं ते ठरवूनच पहिलं पान लिहितात. विधवांच्या हकीकती मी पुन्हा वाचेन, दहादा वाचेन. प्रवचनाची पानं मात्र पुढच्या वेळीही उलटणार.

वसईची लेक:
उलटा. पण त्याआधी ‘अरुणोदय’ वाचा. त्यात पदमनजी स्वतःबद्दल बोलतात, यमुनेला पुढे करत नाहीत. त्यानंतरही हेच म्हणालात तर मी वाद घालणार नाही.