दिवसभर लिहून पोट भरणाऱ्यांनो, मजेसाठी काय वाचता आणि हाताला काय चाळा लावता?

उसवलेली ओळ:
नोकरी सोडून फ्रीलान्स लेखन करते त्याला बरीच वर्षं झाली. माहितीपत्रकं, वेबसाइटचा मजकूर, मासिकांचे लेख, अधूनमधून दुसऱ्याच्या नावावर जाणारी पुस्तकं, पडेल ते. कामाबद्दल तक्रार नाही. (मानधन उशिरा येतं ही आहे, पण ती कुणाला नाही?)

दुखणं वाचनाचं आहे. कादंबरी हातात घेतली की चार पानांत डोक्यातला संपादक जागा होतो. हा परिच्छेद वर हवा होता, इथे दोन विशेषणं जास्तीची. वैचारिक पुस्तक घेतलं तर 'कुठे तरी उपयोगी पडेल' म्हणून पेन्सिल निघते. छंदाचंही तेच. जलरंग आणले, तर पहिला फराटा वाळायच्या आत मथळा तयार: 'उशिरा रंग शिकताना'. लेख छापून आला, रंग कपाटात गेले.

तर ज्याचं बिल लावायचं नसतं असं वाचन तुम्ही कसं करता? आणि शब्द नाहीत, स्क्रीन नाही, फार सामान नाही असा छंद सुचवा. व्यायाम सुचवू नका प्लीज, तो डॉक्टरांनी सुचवून झालाय.

रात्रपाळी:
आकाश बघा. टेलिस्कोप लगेच घेऊ नका, साधी ७×५० ची द्विनेत्री (सात पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची, दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण) पुरते. कोपर कठड्यावर टेकवून गुरू धरलात तर त्याचे चार मोठे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच. दुसऱ्या रात्री बघाल तर जागा बदललेल्या असतात.
स्क्रीनच्या अटीचं म्हणाल, तर डोळे अंधाराला नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्ये एकदा फोन पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे फोन आपसूक लांब राहतो.

उसवलेली ओळ:
छान आहे, पण ढगाळ रात्री काय करू? तेव्हाच जास्त गरज असते.

जुना खर्डा:
वह्या शिवा. गंमत नाही, खरंच सांगतोय. मीही याच धंद्यातला. मला कोणी सुचवलं तेव्हा हसलो होतो, आता आठवड्याची एक संध्याकाळ त्यातच जाते.

चार मोठे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडायचे. आठ पानं झाली, म्हणजे सोळा पृष्ठं. असे पाच-सहा गठ्ठे. घडी नखाने दाबू नका, कागद चुरगळतो; चमच्याची पाठ वापरा. घडीच्या आतल्या बाजूने आरीने (टोच्याने) छिद्रं पाडायची, सगळ्या गठ्ठ्यांना एकाच मापाने. मग मेण लावलेल्या दोऱ्याने आत-बाहेर करत एकेक गठ्ठा आधीच्याला जोडत जायचं. टोकाच्या छिद्रापाशी आलात की सुई खालच्या दोन गठ्ठ्यांच्या मधून घालून दोऱ्याला अडकवायची आणि ओढून घ्यायची. ही गाठ नीट बसली की वही उभी राहते.

सुरुवातीला हमखास फसगत होते ती कागदाच्या ग्रेनमध्ये. छपाईवाल्यांना विचारा, ते यावर तासभर बोलतील. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात; ती दिशा म्हणजे ग्रेन. कागद हातात धरून घडी न पाडता एकदा उभा वाकवा, एकदा आडवा. ज्या बाजूने मुकाट्याने वाकतो, त्या वळणाला समांतर ग्रेन. वहीच्या पाठीला ग्रेन समांतर हवा. आडवा आला तर दमट हवेत पानं लाटांसारखी होतात आणि वही कधीच सपाट उघडत नाही.

आता हे तुम्हालाच का सुचवतोय? दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे 'तेवढी एक मेल बघतो' होत नाही. आणि शिलाई सैल पडली तर ते वही स्वतः सांगते. 'अजून थोडं व्हायब्रंट करता येईल का' असं कुणी म्हणत नाही. एक अट मात्र पाळा: यावर लेख लिहायचा नाही. संपादकाने मागितला तरी नाही.

पानखूण:
वह्यांना +१. पण मूळ प्रश्न वाचनाचा होता ना? माझे अनुभवाचे बोल.
डोक्यातला संपादक आपल्या प्रांतात शेर असतो. त्याला परप्रांतात न्या. तुम्ही व्यवसाय-आरोग्य लिहीत असाल तर बुरशी, दीपगृहं, जहाजबांधणी, नकाशे यांवर वाचा. तिथे आपल्याला कळतच नाही कुठे काय चुकलंय, म्हणून तो गप्प बसतो. ललित वाचायचं तर मोठ्याने वाचा, निदान पहिली काही पानं. नाटकं तर मोठ्यानेच. जिभेचा वेग डोळ्यापेक्षा कमी, त्यामुळे मजकूर वरवर चाळून दोष काढायला फुरसत मिळत नाही. चालताना ऑडिओ ऐकलात तर पेन्सिलीचा प्रश्नच मिटला.
पुस्तक आवडलं नाही तर सोडा. पूर्ण करायचं बंधन कामाच्या वाचनाला, मजेच्या नाही. आणि वेळ सकाळची ठेवा, कामाचं मशीन (कॉम्प्युटर) उघडायच्या आधी. रात्री 'आता वाचू' म्हणणारा लेखक मी तरी अजून पुस्तक संपवताना पाहिलेला नाही.

चिठ्ठ्यांचा डबा:
पेन्सिलीला एवढे दुष्ट ठरवू नका हो. निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या टिपणपेटीत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. एका चिठ्ठीवर एकच कल्पना, स्वतःच्या शब्दांत, आणि दुसऱ्या चिठ्ठीचा क्रमांक. त्यातूनच त्याची पुस्तकं उभी राहिली. मी कामाच्या वाचनासाठी हेच करतो आणि मला त्यात मजाही येते.

पानखूण:
@चिठ्ठ्यांचा डबा, बरोबर, पण ती त्याची कामाची पेटी. ताईंना पेटीबाहेरचं वाचन हवंय. दोन्हींची जागा वेगळी ठेवा: टेबलावर टिपणं काढत, खुर्चीत रिकाम्या हाताने.

स्पष्ट बोलतो:
छंद, वाचन सगळं ठीक, पण रोग वेगळाच दिसतोय. जलरंगाचा लेख का विकलात? पैसे हवे होते म्हणून. प्रत्येक फावला तास विकावासा वाटतो, कारण विकलेल्या तासांचा दर कमी पडतो.
शब्दावर दर लावता तेव्हा फक्त टाइप केलेलं मोजलं जातं. संदर्भ शोधणं, फोन, मुलाखतीचं उतरवून काढणं, तिसऱ्यांदा केलेली दुरुस्ती, बिलाची आठवण करून देणारी मेल, हे सगळं फुकट. महिनाभर खरे तास लिहून काढा आणि मिळालेल्या पैशाला त्याने भागा. आकडा बघून बसाल.
मग करारात चार गोष्टी घाला. काही रक्कम आगाऊ. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, पुढे प्रत्येकीचे वेगळे पैसे. काम अर्ध्यात रद्द झालं तर किती द्यायचे ते आधीच ठरलेलं. आणि कॉपीराइट हस्तांतरित होईल तो पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच. शेवटचं कलम असलं की बिलं चमत्कार झाल्यासारखी लवकर सुटतात. त्यानंतर संध्याकाळी वह्या शिवा नाहीतर नुसतं छत बघत पडा.

उसवलेली ओळ:
@स्पष्ट बोलतो, लागलं, पण खरं आहे. दुरुस्तीच्या फेऱ्यांची मर्यादा घालते, कॉपीराइटचं कलम माझ्याकडे नव्हतंच. तरी एक सांगते, पैसे पुरेसे होते त्या महिन्यातही माझ्या मनात मथळे तयार होत होते. ती सवय आहे, फक्त गरज नाही.

अर्धविराम:
ती सवय जाणार नाही, आणि जावी असंही मला वाटत नाही. 'छंदावर लिहू नका' ही अट मला पटत नाही. 'लोलिता' लिहिणाऱ्या कादंबरीकार नाबोकोव्हला फुलपाखरांचा नाद होता. १९४० च्या दशकात तो हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात फुलपाखरांच्या संग्रहावर काम करत असे आणि निळ्या फुलपाखरांच्या वर्गीकरणावर शोधनिबंध लिहायचा. ती आशियातून टप्प्याटप्प्याने अमेरिका खंडात आली असावीत, असा अंदाज त्याने १९४५ मध्ये मांडला. २०११ मध्ये डीएनए अभ्यासातून तो बऱ्याच अंशी खरा निघाला. बुद्धिबळाचे कूटप्रश्नही रचायचा. म्हणजे छंदावर लिहिल्याने छंद मरतोच असं नाही.

जुना खर्डा:
@अर्धविराम, फरक बघा. त्याचं ते लिखाण त्या विषयातल्या जाणकारांसाठी होतं आणि फुलपाखरांत मुरल्यावर केलेलं. आमच्या ताईंनी रंग वाळायच्या आत मुद्रितं तपासली. अट थोडी सैल करतो: हाताला ते काम येईस्तोवर लिहू नका. नंतर तुमची मर्जी.

अर्धविराम:
हे चालेल.

रात्रपाळी:
ढगाळ रात्री वह्या, निरभ्र रात्री गुरू. माझ्या बाजूने मिटलं.

उसवलेली ओळ:
ठरलं. सकाळी मशीनच्या आधी दीपगृहांवरचं पुस्तक, पेन्सिल दुसऱ्या खोलीत. वह्यांचंही सामान बघते. @जुना खर्डा, घरातली शिवणाची सुई चालेल का? आणि दोरा किती लांब घ्यायचा?

जुना खर्डा:
सुई बोथट टोकाची घ्या. छिद्रं आरीने आधीच पाडलेली असतात, त्यामुळे टोक लागत नाही. टोकदार सुई कागद फाडते, नाहीतर आधीच्या टाक्याचा दोराच मधोमध चिरून जाते, मग तो ओढता येत नाही. दोऱ्याची लांबी म्हणजे वहीची उंची गुणिले गठ्ठ्यांची संख्या, वर हातभर जास्त. लिननचा मिळाला तर उत्तम. मेणाच्या वडीवरून दोनतीनदा ओढून घ्या, नाहीतर गुंता होतो. पहिली वही छोटी करा, पाच गठ्ठ्यांच्या वर जाऊ नका.