मदत हवी आहे : गुरांच्या बाजारातले मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

नववीच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन गावाचा इतिहास लिहितेय आणि शब्दांपाशी अडलेय.

१८६७ पर्यंत तिथे जेमतेम मूठभर लाकडी खोपटी होती. मग रेल्वे आली आणि जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने रुळांलगत गुरं ठेवायची मोठी आवारं बांधली. टेक्ससात ४ डॉलरला मिळणाऱ्या जनावराला उत्तरेत ४० पर्यंत भाव यायचा, म्हणून गुराखी घोड्यांवरून दोन-तीन महिने हाकत हजारोंचे कळप इथवर आणायचे. ५ सप्टेंबर १८६७ ला २० डब्यांची पहिली गाडी शिकागोकडे निघाली. डब्याच्या दाराशी जनावर अडून बसलं की लांब काठीने ढोसायचं.

ती फळी, जिच्यावरून गुरं डब्यात चढवतात, तिला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि त्या आवारांना? मी आधी ‘कोंडवाडा’ लिहिलं, पण त्याने मोकाट गुरं आणि दंडच आठवतो. चुकीचं वाटतं. महिनोन्‌महिने कळप हाकत नेण्याला धनगर मंडळींकडे नेमका शब्द असेलच.

‘टेक्सस ताप’ या गुरांच्या आजारासाठीचा शब्द मात्र सापडला. तो गोचिडांमुळे पसरायचा, म्हणून सरळ ‘गोचीड ताप’ लिहिलंय. आपल्या शेतकऱ्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. त्या तापाने स्थानिकांची गुरं मरायची, शिवाय कळपांखाली पिकं तुडवली जायची. शेवटी १८७२ मध्ये ॲबिलीनकरांनीच कळपवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलं.

घरात कुणी गुरांचा व्यापार केला असेल तर त्यांना विचारून कळवा ना, प्लीज. गावाकडचा बोलीतला शब्दही चालेल.